'पित्त उठलंय' म्हणण्यात गेलेली ४६ मिनिटं : नाशिकमधल्या एका रात्रीचं प्रकरण

पार्श्वभूमी

माझं इंदिरानगरला छोटं मेडिकल आहे. खाली दुकान, वर घर, डी.फार्म करून काउंटरला उभी राहतेय त्याला वीस वर्षं होऊन गेली. हे प्रकरण आमच्या मागच्या गल्लीतल्या एका घरातलं. त्यांना विचारूनच लिहितेय, नाव कुणाचंच देत नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत, पण वेळा आणि औषधं जशी होती तशीच ठेवलीत कारण सगळा मुद्दा वेळांचाच आहे.

घरात चार माणसं. भाऊ सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला, त्या आठवड्यात त्यांची नाइट शिफ्ट. वहिनी अडतीसच्या, तब्येत ठणठणीत, बीपी नाही शुगर नाही. मुलगा चौदा वर्षांचा. आणि आजी, वहिनींच्या सासूबाई, सत्तरीच्या, त्यांना बीपी असल्यामुळे घरात बीपीचं मशीन होतं, ते त्या रात्री फार उपयोगी पडलं.

एप्रिलचा पहिला आठवडा, वाळवणाचे दिवस. वहिनींनी कुरडया घातल्या होत्या. तीन दिवस भिजवलेला गहू, त्याचा चीक, पहाटे पाचला उठून तो शिजवला आणि मग गच्चीवर साडी अंथरून सोऱ्या फिरवत ऊन चढेपर्यंत ओणवं बसणं. ज्यांनी हे केलंय त्यांना कंबरेचं काय होतं ते सांगायला नको. मधे गरम चीक वाटीभर खाल्ला, सगळेच खातात. संध्याकाळी कंबर धरली. रात्री साधा वरणभात, आणि १०:३५ ला आजींनी आपल्या डब्यातली "कंबरेची गोळी" काढून दिली.

ही गोळी कुठली, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. चार गोळ्यांची कापलेली स्ट्रिप, दोन खाऊन झालेल्या, आणि नाव जिथे छापलेलं असतं तो तुकडा कापण्यात गेलेला. ती स्ट्रिप माझ्याच दुकानातून दीड महिन्यापूर्वी आजींना दिलेली होती.

घटना कशी घडत गेली

१०:५५ ला तळहात खाजायला लागले. मग डोक्याची त्वचा, मग कानांच्या मागे. वहिनींना वाटलं दिवसभर गव्हाच्या चिकात हात होते त्याने असेल, म्हणून हात धुतले, खोबरेल लावलं. ११:०५ पर्यंत पोटावर, मांड्यांवर, पाठीवर गांधी उठल्या, लालभडक, एकमेकींत मिसळलेल्या. आजींनी बघितलं आणि म्हणाल्या, "पित्त उठलंय गं, दिवसभर उन्हात बसलीस, खवळणारच ते." आमसूल भिजत घातलं, त्याचा कोळ अंगाला चोळला, पंखा लावला आणि बसेल आत्ता म्हणून दोघी वाट बघत बसल्या.

इथे मला थोडं थांबायचंय. आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की त्याला पित्तच म्हणतात, माझी आईही म्हणायची, मीही दुकानात म्हणते, आणि शंभरातल्या बहुतेक वेळा त्यात बिघडत काही नाही कारण ते खरोखरच काही तासांत बसतं. पण 'पित्त' म्हटलं की डोक्यात पोट येतं, ऊन येतं, जागरण येतं, आमसूल आणि धण्याचं पाणी येतं. रक्तदाब येत नाही, श्वासनलिका येत नाही. शब्द घरातला आहे म्हणून दुखणंही घरातलंच वाटतं. त्या रात्री खाज सुटली तेव्हा गोळी घेऊन जेमतेम वीस मिनिटं झाली होती, आणि ती गोष्ट त्या घरात कुणाच्या मनात आली नाही, कारण गोळी कंबरेची आणि गांधी पित्ताच्या, म्हणजे दोन्हीचा संबंध काय.

११:१५ ला वहिनींना उलटी झाली, आणि आजींना वाटलं बरं झालं, पित्त पडलं.

११:२० ला मुलगा माझ्या दाराशी. "काकू, एक सिट्रिझिन द्या ना, आईला पित्त उठलंय." मी खाली येऊन शटर अर्धं वर केलं, स्ट्रिप काढली, एक गोळी कापून दिली. एवढंच विचारलं, "कुठे उठलंय?" तो म्हणाला सगळीकडे. म्हटलं पाण्याबरोबर दे, थोडी झोप येईल. आणि शटर ओढायला लागले.

तो दोन पावलं गेला आणि मागे वळून म्हणाला, "काकू पण गिळता येईल ना तिला? घशात काहीतरी अडकलंय म्हणतेय. आवाजपण बसल्यासारखा झालाय."

माझे हात तिथेच थांबले. त्याने हे वाक्य बोलायचं ठरवलं नसतं आणि तसाच पळाला असता तर मी वर जाऊन झोपले असते, हे मला आजही नीट ऐकवत नाही. मी कुलूपसुद्धा लावलं नाही, तशीच त्याच्याबरोबर गेले.

दाराशी काय दिसलं

दुसरा मजला, लिफ्ट नाही. वहिनी बाथरूमच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसलेल्या, ओठ सुजून जाड झालेले, डोळ्यांच्या पापण्या उचलत नव्हत्या. बोलल्या ते घोगरं, आणि श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज. पोटात कळा येतायत म्हणाल्या, परत संडासला जायचंय म्हणाल्या. अंगाला आमसुलाचा वास, खाली फरशीवर त्याचे तांबडे ओघळ.

त्वचा, श्वास, पोट. कुठलंतरी औषध, अन्न किंवा दंश होऊन मिनिटांत किंवा एकदोन तासांत यातल्या दोन ठिकाणी एकदम गडबड दिसली, म्हणजे गांधींच्या सोबतीला श्वास लागणं, आवाज बसणं, चक्कर, किंवा उलट्या आणि पोटात जोराच्या कळा, की ते पित्त राहत नाही, तो ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी ॲलर्जीची रिॲक्शन, धरून चालायचं. हे मी शिकलेय, परीक्षेत लिहिलंय. तरी पहिला निर्णय मी चुकीचा घेतला.

मी म्हटलं उचला, खाली घेऊ, माझी स्कूटी आहे, मुलगा मागे बसेल, मधे आईला धरेल, दहा मिनिटांत हॉस्पिटल. आपल्याकडे रात्री असंच नेतात ना, रिक्षा शोधत बसण्यापेक्षा. आम्ही दोघांनी त्यांना काखेत धरून उभं केलं. त्या पाच-सहा पावलं चालल्या, दारापर्यंत आल्या, आणि उंबऱ्यातच डोळे फिरवले. पाय गेले. चपलांच्या स्टँडशेजारी आम्ही त्यांना कशाबशा खाली टेकवल्या.

याचं कारण नंतर डॉक्टरांनी समजावलं. या रिॲक्शनमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात आणि गळायला लागतात, रक्तातलं ३५ टक्क्यांपर्यंत पाणी दहा मिनिटांत वाहिन्यांच्या बाहेर जाऊ शकतं. उरलेलं रक्त माणूस उभा राहिला की पायांत उतरतं, हृदयाला पंप करायला काही उरतच नाही. अशा अवस्थेत एकदम उठवून बसवल्याने किंवा उभं केल्याने माणसं जागच्या जागी गेल्याच्या नोंदी आहेत. आडवं ठेवायचं, पाय वर. श्वास फारच लागत असेल तर पाय लांब करून टेकवून बसवायचं. उलटी होत असेल किंवा शुद्ध जात असेल तर कुशीवर. पण चालवायचं नाही, संडासलासुद्धा नाही.

कोणते पर्याय होते

वहिनी जमिनीवर, आजी रडायला लागलेल्या, मुलगा माझ्याकडे बघतोय. तेव्हा हे सगळं काही एका रांगेत सुचत नव्हतं, आत्ता मांडतेय म्हणून सुटं सुटं दिसतंय.

एक म्हणजे सिट्रिझिनची वाट बघणं. आजींचं मत तेच होतं, गोळी आणलीस ना, दे आणि दहा मिनिटं थांब. पण पोटातून घेतलेल्या सिट्रिझिनला काम करायला अर्धा-एक तास लागतो, ती खाज आणि गांधी कमी करते, बस. सुजलेला घसा मोकळा करत नाही, पडलेलं बीपी उचलत नाही. शिवाय ज्या बाईला उलट्या होतायत तिच्या पोटात ती राहणार किती.

दुसरा, कसंही करून खाली नेऊन जवळच्या छोट्या दवाखान्यात नेणं. ते आम्ही करून बघितलंच होतं. आणि खरं सांगायचं तर रात्री साडेअकराला छोट्या दवाखान्यात कोण असेल, असलं तर पहिलं इंजेक्शन ॲव्हिल आणि डेक्साचं देईल का ॲड्रेनॅलिनचं, याची मला खात्री नव्हती. ॲव्हिल म्हणजे सिट्रिझिनच्याच जातीचं औषध, आणि डेक्सासारख्या स्टिरॉइडला असर दाखवायला तास लागतात. दोन्ही वाईट नाहीत, पण ती नंतरची औषधं आहेत, अशा रिॲक्शनला पहिलं औषध ॲड्रेनॅलिनच.

तिसरा, १०८. ही गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, फुकट आहे, आत डॉक्टर असतात, ऑक्सिजन असतो. बोलवायचीच होती. प्रश्न गाडी येईपर्यंतच्या वेळेचा होता.

चौथा पर्याय माझ्याच दुकानात होता. समोरच्या क्लिनिकच्या डॉक्टरांसाठी मी ॲड्रेनॅलिनचे ॲम्प्युल, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या काचेच्या छोट्या कुप्या, ठेवते, उजेड लागू नये म्हणून खोक्यातच, उन्हापासून लांबच्या खणात. पण मी फार्मासिस्ट आहे. औषध देणं माझं काम, टोचणं नाही, आणि डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय तर नाहीच. मी आयुष्यात कुणाला इंजेक्शन दिलेलं नाही. आणि हे औषध शिरेतून चुकीच्या मात्रेत गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, हेही मला माहीत होतं. भीती वाटत होती, अगदी पोटात गोळा आला होता.

काय केलं

११:३१ ला मी त्या क्लिनिकच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ते गंगापूर रोडला राहतात, म्हणजे ते पोचायलाही वेळ लागणार. त्याच वेळी मुलाला म्हटलं तू आजींच्या मोबाइलवरून १०८ लाव, पत्ता इंदिरानगरच्या बोगद्यापासून सांग, आणि 'पित्त' म्हणू नकोस, म्हण आईला गोळीची रिॲक्शन आलीय, श्वास लागतोय, बेशुद्ध पडली होती. त्याने शब्द न शब्द तसाच सांगितला.

डॉक्टरांनी मला तीन गोष्टी विचारल्या. श्वासाला आवाज आहे का, बीपी किती, आडवं केल्यावर श्वास जास्त अडकतो का. आजींचं मशीन लावलं, ८४/५२, नाडी १२६. आडव्या असताना श्वास जास्त लागत नव्हता. ते म्हणाले, "हलवू नकोस तिला. दोन उश्या पायांखाली दे. आणि माझे ॲम्प्युल आहेत ना तुझ्याकडे? कुणी सिस्टर आहे का बिल्डिंगमध्ये?"

होत्या. बी विंगमध्ये एक सिस्टर राहतात, एका खासगी हॉस्पिटलात वॉर्डला असतात, त्या दिवशी घरी होत्या. आजी गॅलरीत जाऊन त्यांच्या नावाने ओरडल्या, अख्खी सोसायटी जागी झाली, आणि मी दुकानाकडे पळाले. शटर अर्धवटच होतं. खोकं, दोन मिलीची सिरिंज, सुई, स्पिरिट, कापूस.

परत आले तर सिस्टर गाउनवर ओढणी घेऊन आलेल्या, वहिनींच्या उशाशी बसलेल्या. ॲम्प्युल म्हणजे करंगळीच्या पेराएवढी तपकिरी काच, वरची अक्षरं मुंगीएवढी. मी मोबाइलचा टॉर्च लावून डॉक्टरांना मोठ्याने वाचून दाखवलं, ॲड्रेनॅलिन, एका मिलीत एक मिलिग्रॅम, एक्स्पायरी अमुक महिना, रंग पाण्यासारखा स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, पॉइंट पाच मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. शिरेत नाही." सिस्टरांनी तेच उलट त्यांना म्हणून दाखवलं. मग कापसात धरून ॲम्प्युलची मान मोडली, औषध ओढलं, सिरिंज उजेडात धरून बरोबर अर्ध्या मिलीच्या रेघेवर आणलं आणि मला दाखवलं, "बघ, बरोबर आहे ना?" वीस वर्षांचा त्यांचा हात, तरी त्यांनी दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतलं. ते बघून मला जरा धीर आला.

११:४१ ला इंजेक्शन गेलं. पहिल्या खाजेपासून ४६ मिनिटं.

मोठ्या माणसाला एवढीच मात्रा, म्हणजे किलोला ०.०१ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम, आणि फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी परत देता येतं. मांडीच का, तर तिथून ते दंडापेक्षा लवकर रक्तात जातं. आणि हे एकच औषध सगळीकडे काम करतं, सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाला जोर देतं, श्वासनलिका उघडतं, आणि ज्या पेशींतून ही रिॲक्शन घडवणारा सगळा रसायनांचा मसाला बाहेर पडतोय त्यांनाही आवर घालतं.

दोन-तीन मिनिटांत वहिनींचे हात थरथरायला लागले, छाती धडधडतेय म्हणाल्या, आजी घाबरल्या की आता हे काय नवीन. डॉक्टर फोनवरच म्हणाले ते औषधाचंच आहे, होऊ दे. ११:४७ ला बीपी ९८/६०. आणि मग वहिनी म्हणाल्या, "गॅस बंद केलाय का?" आवाज अजून घोगराच, पण पूर्ण वाक्य, एका दमात. मुलगा तेव्हा पहिल्यांदा रडला.

११:५२ ला गाडी आली. स्ट्रेचरवर आडव्याच उतरवल्या, जिन्याच्या वळणावर चार जणांनी धरून. गाडीतल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, सलाइन सुरू केलं, आणि रिकामं ॲम्प्युल आणि वेळ लिहिलेला कागद माझ्याकडून मागून घेतला. इंदिरानगरच्या बोगद्याशी दिवसा गाड्या अडकून पडतात, त्या वेळी एक कुत्रं सोडून कुणी नव्हतं.

हॉस्पिटलमधली रात्र

अतिदक्षता विभाग असलेल्या जवळच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये नेलं. सलाइन, वाफ, ॲव्हिल, स्टिरॉइड, मॉनिटर. श्वासाची शिट्टी तासाभरात गेली.

भाऊ सिन्नरहून १:१५ ला पोचले. दोन वाजता वहिनी बसून पाणी पीत होत्या, गांधी जवळपास गेलेल्या. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले माझ्या मते सकाळपर्यंत ठेवा, पण निर्णय तुमचा. हा दुसरा मोठा निर्णयाचा क्षण. भाऊंनी मला बाजूला घेतलं, "ताई, बरी दिसतेय ना आता, घरी नेली तर? इथे तासाला मीटर पडतंय." त्यात त्यांची चूक मला वाटत नाही, कामगार माणूस, महिनाअखेर नुकतीच झालेली. पण ही रिॲक्शन एकदा बसून काही तासांनी परत उसळू शकते, काही न खाता, गोळी न घेता. पहिला झटका जोराचा असला आणि ॲड्रेनॅलिन उशिरा मिळालं असलं तर ही शक्यता वाढते, आणि आमच्या बाबतीत दोन्ही होतं. मी म्हटलं भाऊ, पहिल्या खेपेला दुकान पावलावर होतं, सिस्टर घरी होत्या, डॉक्टरांनी फोन उचलला. पहाटे चारला यातलं काय काय जुळून येईल सांगता येत नाही. थांबू या.

पहाटे साडेचारला मानेवर आणि पोटावर पुन्हा थोड्या गांधी आल्या. बीपी चांगलं, श्वास चांगला, म्हणून गांधींचंच औषध दिलं आणि लक्ष ठेवलं. तासाभरात गेल्या. आजी अजूनही म्हणतात एवढ्यासाठी कशाला थांबलो. मला तसं वाटत नाही. त्या एवढ्यावरच थांबतील हे साडेचारला कुणालाच माहीत नव्हतं.

एक गोष्ट राहून गेली. अशा वेळी रक्तातलं ट्रिप्टेज, म्हणजे या रिॲक्शनमध्ये पेशींतून सुटणारं एक प्रथिन, तपासतात, शक्यतो पहिल्या दोन तासांत, फार तर चार तासांत, आणि मग बरं झाल्यावर दुसऱ्या दिवशी परत. दोन्हींची तुलना करून ही खरोखर ॲनाफिलॅक्सिसच होती का हे पुढे ठरवायला मदत होते. आमच्याकडे ते झालं नाही, माझ्याही डोक्यात आलं नाही.

आणि डिस्चार्ज कार्डवर लिहून आलं नुसतं 'औषधाची ॲलर्जी'. कुठल्या औषधाची, ते नाही. मी भाऊंना परत पाठवलं, कापलेली स्ट्रिप आणि माझ्याकडच्या बिलाची प्रत घेऊन, आणि नाव लिहून घ्यायला लावलं. तेव्हा ते जरा चिडले माझ्यावर.

कारण शोधताना

स्ट्रिपच्या चंदेरी बाजूला उरलं होतं '...नॅक सोडियम' आणि खाली '५०'. माझ्या बिलाशी जुळवल्यावर पक्कं झालं, डायक्लोफेनॅक ५० ही वेदनाशामक गोळी.

घरच्यांचा संशय मात्र चिकावर होता. आणि ॲलर्जीच्या डॉक्टरांनी तो हसून उडवला नाही, हे मला फार आवडलं. काही लोकांना गव्हाची अशी ॲलर्जी असते की एरवी चपाती रोज पचते, पण गहू खाऊन पाठोपाठ अंगमेहनत झाली किंवा वेदनाशामक गोळी पोटात गेली की झटका येतो. वहिनींच्या दिवसात तिन्ही होतं, चीक, उन्हातली मेहनत, गोळी. म्हणून त्यांनी गव्हातल्या ओमेगा ५ ग्लायडिन नावाच्या प्रथिनाची रक्ततपासणी केली. ती निगेटिव्ह आली. चीक सकाळी, गोळी रात्री, हे अंतरही फार होतं.

मग त्यांनी मागचं विचारलं, अगदी खोदून. तेव्हा निघालं, दोन वर्षांपूर्वी दाढ दुखत असताना कुठलीशी गोळी घेतली होती आणि पापण्या सुजल्या होत्या. घरी काय म्हटलं होतं? पित्त. आणि संपलं होतं ते तिथेच.

या गोळ्यांसाठी भरवशाची त्वचेची चाचणी नाही, पक्कं ठरवायचं तर हॉस्पिटलमध्ये देखरेखीखाली थोडं थोडं औषध देऊनच बघावं लागतं. एवढ्या मोठ्या रिॲक्शननंतर डायक्लोफेनॅक परत देऊन बघण्यात अर्थ नव्हता. ते कायमचं बंद, आणि त्याचा सख्खा भाऊ ॲसिक्लोफेनॅकही, जो आपल्याकडे कंबरेच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर असतो. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन वगैरे बाकी भावकी तपासून होईपर्यंत बंद. पॅरासिटामॉल मात्र त्यांनी समोर बसवून देऊन बघितलं, ते चाललं. दुखऱ्या जागी लावायचं जेल आणि दवाखान्यात मिळणारं 'कंबरेचं इंजेक्शन' यांतही बऱ्याचदा डायक्लोफेनॅकच असतं, हे वहिनींना माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं गोळीच तेवढी टाळायची.

काय वेगळं करता आलं असतं

१०:५५ ते ११:२० या पंचवीस मिनिटांबद्दल मी आजींना दोष देणार नाही. त्यांनी जे आयुष्यभर केलं ते केलं. पण कुणी एवढा एकच प्रश्न विचारला असता, की गेल्या तासा-दोन तासांत नवीन काय पोटात गेलंय, तर गोळी लगेच समोर आली असती.

११:२० ची चूक माझी. गोळी हातात देण्याआधी श्वास कसा आहे, आवाज कसा आहे, उलटी झाली का, चक्कर येते का, हे चार प्रश्न विचारायला वीस सेकंद लागतात. मी ते विचारले नाहीत, मुलाने आपणहून सांगितलं. आणि त्यानंतर उभं केलं, चालवलं, ती तर सगळ्यात मोठी चूक, त्यात जीव जाऊ शकला असता. ॲम्प्युल आधीच बरोबर घेऊन निघाले असते तर दुकानाची दुसरी खेप वाचली असती, तीन-चार मिनिटं तरी.

आणि स्ट्रिप. आपण दुकानदार सर्रास कापून देतो, गिऱ्हाइकाला चारच गोळ्या हव्या असतात. पण नाव कापलेली गोळी घराच्या डब्यात गेली की ती फक्त 'कंबरेची' किंवा 'तापाची' उरते, आणि मग कुणीही कुणालाही देतं. मी आता कापलेली स्ट्रिप पाकिटात घालते आणि वर औषधाचं नाव मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिते, एक्स्पायरी लिहिते, कुणासाठी तेही लिहिते. गर्दीच्या वेळी मागची माणसं कुरकुरतात. कुरकुरू देत.

सिस्टर त्या दिवशी ड्यूटीवर असत्या तर? हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मी तुला फोनवर सांगितलं असतं आणि तू दिलं असतंस. मी दिलं असतं का, माहीत नाही. पण त्यानंतर त्यांच्याकडे बसून मी ते शिकून घेतलंय, पाण्याच्या सिरिंजने, संत्र्यावर.

आता

बाहेरच्या देशांत मांडीवर दाबलं की आपोआप मात्रा देणारं ॲड्रेनॅलिनचं पेन मिळतं, आपल्याकडे ते असं दुकानात सहज मिळत नाही. म्हणून ॲलर्जीच्या डॉक्टरांनी वहिनींना चिठ्ठीवर ॲम्प्युल आणि सिरिंज घरात ठेवायला सांगितली आणि तिघांना बसवून शिकवलं. डबा फ्रीजच्या शेजारच्या कपाटात, वरच्या खणात, झाकणाच्या आतून मात्रा लिहिलेला कागद चिकटवलेला, एक्स्पायरीची तारीख माझ्याही दुकानातल्या कॅलेंडरवर. ॲम्प्युल मोडायला सगळ्यात चांगलं त्या मुलालाच जमतं.

दिवाळीनंतर वहिनींची तीच जुनी दाढ काढायची होती. डेंटिस्टने चिठ्ठीवर सवयीने वेदनाशामक लिहिलं आणि पॅड फाडून पुढे केलं. वहिनींनी पर्समधून लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं, आणि त्या बोलायच्या आधीच शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, "डायक्लोफेनॅक नाही चालत आईला. ॲसिक्लोफेनॅकपण नाही." डेंटिस्टने लिहिलेलं खोडून पॅरासिटामॉल लिहिलं. ती चिठ्ठी घेऊन ते दोघं संध्याकाळी माझ्याकडे आले, आणि मी गोळ्या कापल्या नाहीत, दहाची अख्खी स्ट्रिप दिली.